बस सुटली, असं तू सांगितलंस

आई, रविवारची गोष्ट संपली. या रविवारची नव्हे, सगळीच. तू जिला 'आपली गोष्ट' म्हणायचीस, जिच्यासाठी संध्याकाळची कणीक आधीच मळून झाकून ठेवायचीस, ती मालिकाच बंद झाली. मागच्या महिन्यात नेहमीसारखा एक भाग झाला, बहिणीच्या लग्नात जेवायला न थांबणाऱ्या एका माणसाचा. शेवटी नावं सरकली आणि मग काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, की ही आमची शेवटची गोष्ट होती, इतकी वर्षं सोबत बसलात, आभार. आधी कुठं बातमी नाही, जाहिरात नाही. मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझी पोट्टी आतून धावत आली. ती मराठी सगळं समजते पण बोलते हिंदीतच, तुला राग आला असता. म्हणाली, "मम्मी, सच में खत्म? ऐसे कैसे?" मीही तेच म्हटलं. ऐसे कैसे?

तू गेलीस त्यानंतर ती मालिका मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली, दुसऱ्या चॅनलवर गेली, मग मोबाईलवर आली. पण रीत तीच राहिली. दर खेपेला नवं घर, नवी माणसं, आणि तासाभरानं त्यांचा कायमचा निरोप. बाबा म्हणायचे, "हे काय, ओळख झाली न झाली की संपलं." तुला मात्र तेच आवडायचं. तवा चढवता चढवता तू त्या माणसांची काळजी करत राहायचीस. ती विधवा आता कुठं राहत असंन, त्या पोट्ट्याले नोकरी लागली असंन का. आम्ही हसायचो.

मालिका संपल्याचा धक्का माझ्या एकटीचा नव्हता. रायपूरमधल्या चाहत्यांचा मोबाईलवर एक ग्रुप झाला आणि एका रविवारी समता कॉलनीत सगळ्यांनी जमायचं ठरलं. तिथं एक दातांची डॉक्टरीण आहे, खाली तिचा दवाखाना आणि वर घर. तिच्या हॉलमध्ये आम्ही सगळे अनोळखी लोक सतरंजीवर बसलो. कोणाच्या घरी मरण झाल्यावर बसतात ना, तसेच, फक्त मध्ये समोसे होते. एकेकानं आपापली आवडती गोष्ट सांगायची होती. एक रिटायर झालेले बँकेचे साहेब सांगता सांगता रडले. त्यांनी कुठला तरी भाग बायकोसोबत पाहिला होता आणि आता बायको नव्हती. मला आधी अवघडल्यासारखं झालं, मग मी समोशांची ताटली त्यांच्यापुढं सरकवली.

माझी पाळी आली तेव्हा मी बसची गोष्ट सांगितली. दुसरी कोणती सांगणार? लहान गावातली मुलगी, तिला दूर डोंगरातल्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागते, बाप नाही म्हणतो, भाऊ बोलणं टाकतो, आणि एका सकाळी ती एकटी बसस्टँडवर जाते. मी रंगून सांगत होते. ती खिडकीजवळ बसते, बस सुटायला लागते, आणि भाऊ धावत येऊन तिची घरी राहिलेली पिशवी खिडकीतून आत ढकलतो. मागं रसाच्या गुऱ्हाळाशी बाप उभा असतो, दुसरीकडं पाहत असल्यासारखा. मग तिची खोली दाखवतात, आणि त्यात तिचा स्वतःचा, नवाकोरा स्टोव्ह.

सगळे माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, गोष्ट सगळ्यांना भिडली. मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "नहीं दीदी, वो बस से उतर जाती है ना?"

बँकेचे साहेब म्हणाले, "उतर जाती है। मुझे भी याद है।"

मी हसले. म्हटलं, तुम्ही दुसऱ्या भागाशी घोळ करून राहिलात. मालिका संपल्यावर ती काढणाऱ्यांनी जुने सगळे भाग बघायला खुले केलेत. डॉक्टरीणबाईनं तो भाग भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. मी ओळखलं सगळं. तोच बाप, तीच अंगणातली दोरी, त्या मुलीची तीच दोन वेण्यांची धांदल. आपण दोघींनी जिथवर पाहिलं होतं तिथवर शब्दन् शब्द तसाच. मग बसस्टँड आला. मुलगी खिडकीत बसली. बस सुटेना. ड्रायव्हर चहा पीत होता. कॅमेरा तिच्या तोंडावरून हलेना. आणि ती उठली, आई. उठली, माणसांतून वाट काढत उतरली, आणि घराकडं चालायला लागली. घराचं दार तिच्या आईनं उघडलं. आत जाऊन परातीत आणखी मूठभर पीठ टाकलं. त्या बाईचा चेहरा, आणि संपलं.

मी उठून टीव्हीपाशी गेले. मी म्हटलं, हा भाग कापलेला आहे, मधलं काढून टाकलंय. मी जवळजवळ भांडलेच त्यांच्याशी. पुन्हा लावायला लावलं. पुन्हा ती उतरली. डॉक्टरीणबाईनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "दीदी, बीपी की गोली लेती हैं क्या?" त्यांना कसं सांगू की त्या मुलीच्या भरवशावर मी माझं घर सोडलं होतं?

तुला ती संध्याकाळ आठवत असेलच. मी विसरूच शकत नाही. आपण इथंच रायपूरला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. मला सिंचनाच्या ऑफिसात ट्रेसरची नोकरी लागलीय, नकाशे उतरवायची, पण जगदलपूरला. बाबा म्हणतात, पोरीच्या जातीनं जंगलात जाऊन राहायचं काही काम नाही. दादा माझ्याशी बोलत नाही. नागपूरकडचं एक स्थळही चालून आलंय. हजर व्हायची मुदत सरत आलीय आणि मी रोज ठरवते आणि रोज मोडते. त्या रविवारी आपण दोघी टीव्हीसमोर बसलोय, गोष्ट नेमकी माझीच चाललीय, आणि मुलगी बसस्टँडकडं निघते तोच आपल्या क्वार्टरांच्या लायनीची लाईट जाते. बाबा ड्युटीवरून यायचे आहेत, स्टोव्हवर वरण आहे. तू म्हणालीस, "तू वरण पाहा, मी पाहून येतो," आणि चप्पल न घालता पलीकडच्या लायनीत, सगळे ज्यांना काकू म्हणायचे त्यांच्याकडं पळालीस. तिकडं लाईट होती.

तू परतलीस तेव्हा मी कंदील लावत होते. तुझे डोळे ओले होते. मी विचारलं, "काय झालं? गेली का ते?" तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "गेली. गेली तर. बस सुटली." मग तू पोळ्या लाटत सगळं सांगितलंस, भावाची धाव, ती पिशवी, रसाचं गुऱ्हाळ, तो स्टोव्ह. मी विचारलं, "अन् तिची आई?" तू पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "ते नाही दाखवलं."

त्याच आठवड्यात मी गेले. स्टँडवर माझ्यासोबत फक्त तू होतीस. मी खिडकीतून पाहत राहिले, दादा येईल म्हणून, बाबा कुठंतरी आडोशाला असतील म्हणून. कोणी आलं नाही. तू खालून एवढंच म्हणालीस, "डबा आडवा नको ठेवू, वरण सांडंन." बस निघाली. केशकालच्या घाटात मी रडले, पण उतरले नाही. गोष्टीतली उतरली नव्हती, तर मी कशी उतरू? तिथं मी पावसाळाभर गळणाऱ्या एका खोलीत राहिले, नकाशे उतरवायला शिकले, मग काढायला शिकले, परीक्षा दिल्या. रायपूर राजधानी झाल्यावर इकडं परत आले. आज माझ्या सहीशिवाय कालव्याचा नकाशा पुढं सरकत नाही. हे सगळं त्या बसमुळं झालं, असंच मी पोट्टीला आजवर सांगत आले.

समता कॉलनीतून मी घरी गेलेच नाही. सरळ पुरानी बस्तीत गेले. काकू आता मुलासोबत तिथं राहतात. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं. मी पाया पडले आणि बसल्या बसल्याच विचारलं, "काकू, त्या दिवशी आईनं ती गोष्ट तुमच्याकडं पाह्यली होती. शेवट काय होता?"

काकूंनी माझा हात चाचपून धरला. मग म्हणाल्या, "बाप्पा! तुले आता समजलं?"

"म्हणजे आईनं पाह्यलं होतं सगळं?"

"पाह्यलं म्हणजे? माह्या बाजूले बसून पाह्यलं. ते पोट्टी बसमधून उतरली अन् तुह्या आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी म्हटलं, काहून रडून राहिली वं, गोष्ट आहे ते. तर म्हणे, माह्या पोरीनं हे पाह्यलं तर ते जाणार नाही."

काकूंचं तोंड आता खुललं होतं. "मग उठेचना ना ते. बातम्या लागल्या तरी बसून. म्हणे, काकू, काही तरी सांगा, बस सुटली पाह्यजे. बापच पळत येईन, असं म्हणे. मी म्हटलं, बाप कायले पळते वो बाई? तुह्या घरचा पळंन का? भावाले पळव. पिशवीचं मीच सांगतलं." काकू हसल्या. "मग म्हणे, बाप निदान दुरून तरी उभा राहू द्या. म्हटलं, राहू दे."

"अन् स्टोव्ह?"

"ते तिचंच. ते मले घरी जाता जाता दारातून म्हणे, तिची स्वतःची खोली पाह्यजे अन् स्वतःचा स्टोव्ह."

मी विचारलं, दुसऱ्या दिवशी कोणी काही बोललं कसं नाही. काकू म्हणाल्या, तुमची सारी लाईन अंधारात होती, आमच्या लायनीत तिनं घरोघरी सांगून ठेवलं. "म्हणे, माह्या पोरीसमोर कोणी गोष्ट काढू नका. कोणी काढली नाही वं. तू गेल्यावर तुहा बाप तिच्याशी कितीक दिवस बोलला नाही. ताट सरकवून द्यायचा. पण तिनं त्यालेही नाही सांगतलं."

काकूंनी चहा ठेवायला सांगितला, तो होईपर्यंत मी त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. समोरच्या देवळात आरतीची तयारी चालली होती, कोणीतरी घंटेची दोरी बांधत होतं, आणि मला नुसतं ऐकू येत होतं, गेली तर, बस सुटली. इतकं सहज म्हणाली होतीस तू. आवाजही हलला नव्हता. मला वाटायचं तुला खोटं बोलता येत नाही. बाबांपासून साधी साडीची किंमत लपवता यायची नाही तुला, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या दिवशी कंदील होता म्हणून मला दिसल्या नाहीत का?

आणि मग घरी मी तो खरा भाग पुन्हा पाहिला, एकटीनं, दुपारी, दार लावून. पीठ टाकणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्याशी थांबवून ठेवला. ती खूश नाही, रागावलेलीही नाही. तिनं फक्त एक माणूस वाढवलं जेवायला. तू काकूंच्या खाटेवर बसून हाच चेहरा पाहिलास. मी तिच्यासारखी परत येईन, याची तुला इतकी भीती वाटली? मी गेल्यावर त्या घरात तुझ्याशी बोलणारं कोणी उरणार नव्हतं, हे तुला तेव्हाही माहीत होतं. तरी तू बस सुटू दिलीस. मी किती वेळा सुट्टीत आले, ओट्यापाशी तुझ्या बाजूला बसून त्याच मुलीचं नाव काढलं, आणि तू प्रत्येक वेळी म्हणालीस, "हो ना, हिंमतीची होती पोट्टी." मला तेव्हा हसू यायचं की तू टीव्हीतल्या माणसांना इतकं खरं मानतेस.

मी ती गोष्ट पाहिली असती तर गेले नसते का? पोट्टीनं हेच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "नानी तो राइटर निकली।" आणि आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं परत येऊन मला नुसती बिलगली. दादाला अजून सांगितलं नाही. त्याला त्या धावण्यातलं काहीच ठाऊक नाही, आणि आता या वयात त्याला धावायला लावावं असं वाटत नाही.

हे मी कुठं ठेवणार माहीत नाही, तुला तर पोचणार नाहीच. म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते, जी तू समोर असतीस तर माझ्या तोंडून निघाली नसती. गोष्ट म्हणून टीव्हीवरचाच शेवट चांगला होता, आई. फार चांगला. तुझा जमलेलाच नव्हता. तासभर बहिणीशी न बोललेला भाऊ असा एकदम पिशवी घेऊन धावत येत नाही, हे त्या वेळी, स्टोव्हवरचं वरण ढवळताना, मलाही जाणवलं होतं. मी विचारलं नाही.