गुलाब लावणारे वडील

मंगळवार, दि. १४, दुपार

ती. वन्संना वहिनीचा नमस्कार,

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. गुडघ्याला तेल लावता ना, की कंटाळा करता? इथे आम्ही दोघी बऱ्या आहोत. नळाला पाणी आता रोज येतं. वाचनालयातून एक जाड पुस्तक आणलंय, कुठली भाषा कुणाच्या जोरावर जगभर पसरली त्याबद्दल. निम्मं डोक्यावरून जातं, निम्मं ओळखीचं वाटतं.

तुम्ही पोरीच्या परीक्षेचं विचारलंत. त्याआधी माझ्या कामाचं सांगते.

मी अजून त्याच इंग्रजीच्या परीक्षा केंद्रावर दाराशी बसते. परदेशी जाणाऱ्यांचे खिसे तपासायचे, घड्याळं-पिशव्या कपाटात ठेवायच्या. बोलण्याच्या परीक्षेला वीस-वीस जण ओळीने बसून कॉम्प्युटरशी बोलतात. नर्स, वेल्डर, स्वयंपाकी, सगळे. 'तुम्हाला आदर वाटतो अशा माणसाबद्दल बोला' असं आलं, की सगळे एकाच माणसाबद्दल सांगतात. त्यांचे वडील डॉक्टर आहेत, पहाटे पाचला उठतात, गुलाब लावतात, शेजाऱ्यांना मदत करतात. क्लासचे सर हे वडील सगळ्यांना पाठ करायला देतात. सहा वर्षं ऐकून मलाही पाठ झालेत. मला इंग्रजी येत नाही, पण हे वडील येतात.

तुमची भाची अकरा वर्षं नर्स आहे. पहिल्या टोचणीत शीर सापडते तिला. तिकडे एका वृद्धांच्या दवाखान्यात तिची जागा ठरलीय. तिकडच्या म्हाताऱ्यांना उचलायला हात आपले चालतात, तोंड मात्र त्यांचं लागतं. मागे ती पास झाली होती, पण नोकरीचा कागद येईपर्यंत दोन वर्षं उलटली आणि निकाल बाद. भाषा दुधासारखी नासते म्हणे. पुन्हा ताजी घ्यायची, त्याच दुकानातून. दुकानदाराच्या घरच्यांना, जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना, मात्र ही परीक्षा नाही. पुस्तकात हेच लिहिलंय, फक्त लांबलचक.

आता खरं सांगते.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसायच्या आधी ती घरात पाठ करत होती, "माय फादर इज अ डॉक्टर." मी भांडी पुसत होते. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "तुझे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली नाहीत, आणि तू दुसराच बाप उभा करतेस?"

ती म्हणाली, "आई, परीक्षेला बाप लागत नाही. वाक्यं लागतात."

मी दोन दिवस अबोला धरला. शेवटी तीच नमली. आपल्याच बाबांबद्दल बोलते म्हणाली.

त्या दिवशी दारात मीच तिचे खिसे तपासले, परक्यासारखे. मग दाराआडून ऐकत राहिले. ओठांत स्क्रू धरून तिचे बाबा तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायचे, आठवतं ना? तेच ती सांगत असावी. 'फादर' आणि 'स्क्रू' एवढं मला कळलं. मग ती थांबली. आजूबाजूला एकोणीस बाप गुलाब लावत होते आणि आपली पोर गप्प. कॉम्प्युटरला रडू गिळणं कळत नाही. तो समजतो, हिला भाषा येत नाही. अर्ध्या गुणाने गेली.

ती मला एका शब्दाने बोलली नाही, वन्सं. बोलली असती तर बरं झालं असतं.

जागा महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलीय. परवा पुन्हा परीक्षा आहे. काल तिने मोबाइलवर दोन मिनिटं लावून तो माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायला लागली. डॉक्टर झाले, पहाटेचे पाच झाले, शेजारी आले. पुढे अडली. मोबाइलवर आकडे कमी होत होते.

"गुलाब," मी म्हटलं. "गुलाब राहिले."

तिने वळून पाहिलं नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, बिनचूक.

ते तुमचे भाऊ, म्हणून हे तुमच्यापासून लपवलं नाही. रागावलात तर तसं लिहा, पण लिहा.

अजूनही तुमच्या भावाचीच,
वहिनी