गुडघ्याइतकी उंची

प्रिय शालकरत्न,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलावे तर तुझी ताई पलीकडच्या खाटेवरून कान टवकारून असते, म्हणून हा प्राचीन मार्ग पत्करला. विषय निव्वळ तांत्रिक आहे. आपल्या जुन्या पिकअपला किती उंच करावे, रिम कोणत्या घालाव्यात आणि टायर कोणते, एवढेच मला विचारायचे आहे. हस हवे तितके. हयातभर काउंटरमागे उभा राहून याच विषयावर प्रवचने झोडणाऱ्या माणसाला आज स्वतःच्या एका गाडीचा निर्णय करता येत नाही. आपल्या दुकानातली श्रमविभागणी आदर्श होती. पाना तुझा, जिव्हा माझी. येणाऱ्या प्रत्येक वीराला मी गिरिशिखरांची स्वप्ने विकायचो आणि तू गाडीखाली उताणा पडून त्या स्वप्नांचे नट आवळायचास. तू त्या दूरच्या खाणीवर डंपरांची सेवा करायला गेलास आणि दुकानात नुसती जिव्हा उरली.

प्रसंग असा की ताईला वरच्या घरी जायचे आहे. तुमचा जन्म झाला त्याच घरी. मी त्याला हवापालट असे भारदस्त नाव दिले आहे. पूल मागच्या पुरात गेला, हे तुला ठाऊक आहेच. आता नदीचे पात्र उतरून, धोंड्यांवरून, पलीकडची चढण चढावी लागते. रुग्णवाहिकेच्या चालकाने काठावर उभे राहून सिगारेट संपवली आणि म्हणाला, “काका, आपली हद्द इथपर्यंतच.” म्हणून पिकअप. परंतु ताईच्या हाडांना आता हिसका सोसत नाही. इस्पितळातून घरी येताना गल्लीतल्या एका गतिरोधकावर तिने माझा दंड असा काही धरला, की बोटांचे वळ चांगले दोन दिवस माझ्या देहावर विराजमान होते. ओरडली मात्र नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

तेव्हा मी काय केले असेल? जे फक्त मीच करू शकतो ते. स्वतःच्याच व्याख्यानाला बळी पडलो. गाडी उंच करणारा, दुकानातला सर्वांत उत्तुंग लिफ्ट किट, चकाकणाऱ्या मोठ्या रिम, आणि चिखलासाठीचे ते राक्षसी दातांचे टायर असा सगळा शृंगार मी आपल्या म्हाताऱ्या पिकअपवर चढवला. नवा मिस्त्री चाचरत म्हणाला, “शेठ, पेशंटला न्यायचंय ना? का शर्यत आहे?” त्याला मी आत्मविश्वास या गुणावर चार वाक्ये ऐकवली. गाडी दारात आणली. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासून रेड्यासारखा हंबरायचा. ताई भिंत धरत धरत बाहेर आली, वर पाहिले आणि म्हणाली, “अहो, यात बसायला शिडी लावायची, का तुम्ही मला उडवणार आहात?” मग तिने पाय उचलला. तो गाडीच्या पायरीपर्यंत पोचलाच नाही. अर्ध्यावर थांबला, हलकेच खाली आला आणि ती टायरवर हात टेकून उभी राहिली, जणू तिला टायरच बघायचा होता.

त्या क्षणी तुझा नियम आठवला. गिऱ्हाइकाच्या घरातले सर्वांत थकलेले माणूस दुकानात आणायला लावायचास. ते कोणाचा हात न धरता आत बसू शकले, तरच ती उंची मंजूर. किती जण चिडायचे! “गाडी माझी, आणि गुडघे आईचे का मोजता?” असे एकाने विचारले, तेव्हा तू गाडीखालूनच म्हणालास, “मग आईला घरीच ठेवणार का?” तो मुकाट्याने आईला घेऊन आला होता. मी मागून तुझी यथेच्छ टिंगल केली होती. शेवटी ताईला मीच उचलून आत ठेवले. एरवी तिला उचलण्याच्या प्रस्तावावर मी कंबरेचे निमित्त करून मोठा विनोद केला असता. त्या दिवशी विनोद सुचला नाही. काखेत उशी उचलावी तसे झाले रे.

दुसऱ्या दिवशी सारा शृंगार उतरवला. मग स्वतः रुग्ण होऊन पिकअपच्या मागे गादीवर पडलो आणि मिस्त्रीला म्हटले, चल पात्रातून. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जुनेच, कडक. एकेक धोंडा माझ्या मणक्यांशी सविस्तर परिचय करून घेत होता. मला दिसत होते फक्त आकाश, आणि तेसुद्धा उड्या मारत होते. या देहाला हे असे, तर तिला कसे? आता लहान रिम आणि जाड, फुगीर बगलेचा टायर मागवला आहे. पात्रात उतरण्याआधी त्यातली हवा कमी करायची, हेही तुझेच. लिफ्ट बेताचा, दगड पोटाला लागणार नाहीत इतकाच. पण पाट्यांचे घोडे अडले आहे. ते वजन बघून निवडावे लागतात. वजनाला योग्य असले तर गाडी डुलत जाते, गाडी हलकी झाली की तेच पाटे तिला आपटतात. पूर्वी हे वाक्य मी किती थाटात म्हणायचो.

काल मिस्त्री कागद-पेन्सिल घेऊन समोर बसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “शेठ, जाताना मागं वजन किती, आणि येताना किती?” जातानाचे मी सांगितले. ती, गादी, तिच्याशेजारी मी. येतानाचे सांगता येईना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून फार मृदू आवाजात सांगितले आहे, की आता त्यांना जिथे बरे वाटेल तिथे न्या. ताईला हे कोणी सांगितलेले नाही, आणि तिला सगळे ठाऊक आहे. कपाटातून तिने एकच साडी काढून ठेवली आहे. तुला कळवायचे नाही अशी शपथ घातली आहे, “तो काम टाकून धावत येईल” म्हणून. तेव्हा धावत ये. मी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसणार आहे. पुढे स्टिअरिंगवर बसून प्रत्येक धोंड्यापाशी श्वास रोखून थांबणारा दुसरा माणूस मला या भूतलावर ठाऊक नाही. आणि त्या मिस्त्री पोराला येतानाच्या वजनाचे उत्तर तूच दे. माझी जिव्हा चालत नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
भाऊजी