आपले घड्याळ मागे आहे

बसवनगुडी, बेंगळूरु
कार्तिकी पौर्णिमा, बुधवार

तीर्थस्वरूप वीणाअक्का हिच्या चरणी धाकट्या जयतीर्थाचा दंडवत.

तुझा गुडघा, तुझी साखर आणि तुमच्या धारवाडचा पाणीपुरवठा या तिघांच्या प्रकृतीची खुशाली सवडीने कळव. इकडे मी आहे. विमला अजून डब्लिनलाच असल्यामुळे तीन आठवडे मी माझ्याच हातचं सारू आणि भात खातो आहे, आणि लहानपणी तू माझ्या हाताबद्दल जे बोलायचीस ते मला आता पटलं आहे. फोन करून बोललो असतो, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि ही हकिकत मध्ये न बोलता ऐकण्यासारखी आहे. म्हणून कागद घेतला. (पेनही जुनंच आहे. अक्षर पुसट दिसलं तर चष्मा बदलायला धावू नकोस.)

विषय तुला ठाऊकच आहे. गेल्या शुक्रवारी आमच्या मनस्विनीचं डब्लिनच्या सरकारी कचेरीत लग्न झालं. तू धारवाडहून नातीच्या, संहिताच्या, फोनवर हजर होतीस, तंजावरची मंडळी हजर होती, विमला तर प्रत्यक्षच तिथे होती, आणि मुलीचा बाप तेवढा नव्हता. पडद्यावर सगळ्यांचे चौकोन होते, माझा चौकोन नव्हता. आपल्या लोकांत त्यावरून काय काय बोलणं चाललं असेल ते मी इथे बसून ऐकू शकतो, आणि कोण काय म्हणालं असेल तेही सांगू शकतो. तेव्हा खुलासा करणं भाग आहे. दोष घड्याळाचा आहे.

आता घड्याळाचा दोष माझ्या बाबतीत सांगावा लागावा यापरतं दुर्दैव नाही. आपल्या घराण्यातल्या लग्नांत घड्याळ कोणी धरायचं हा प्रश्न १९८४ सालापासून पडलेला नाही. सकाळी रेडिओच्या टोल्याला मिळवलेलं घड्याळ हातात घेऊन मी अंतरपाटाच्या बाजूला उभा राहतो, आणि शेवटचं मंगलाष्टक लांबवायचं की आटपायचं हे भटजी माझ्या बोटाकडे बघून ठरवतात. चामराजपेट, बसवनगुडी, मल्लेश्वर धरून शंभरावर लग्नं माझ्या बोटावर लागली आहेत. त्यांतली तीन मोडली, पण ती मुहूर्तामुळे नव्हे, हे त्या तिन्ही घरांनी मान्य केलेलं आहे. दोन्हीकडची माणसं मानपानावरून भांडत असताना त्या सगळ्या मांडवात मला एकट्याला कोणी काही विचारत नाही, फक्त किती मिनिटं राहिली एवढंच विचारतात. मला वाटतं, आयुष्यात मी जो काही माणूस आहे तो तेवढ्या वेळापुरताच आहे. बाकी वेळ मी सारू करतो.

असो. सप्टेंबरात मनस्विनीचा फोन आला. मुलगा ध्रुव, नागपूरचा, तिच्याच ऑफिसातला, सालस. त्याच्याबद्दल तक्रार करायला त्याने काही ठेवलेलंच नाही. तारीख मात्र तिने परस्पर ठरवून टाकली होती. ऑक्टोबरची एकतीस, शुक्रवार, सकाळी अकरा. अक्का, तुला वेगळं सांगायला नको. चातुर्मास संपलेला नाही, तुळशीचं लग्न दोन दिवसांवर, म्हणजे तुळशीच्या आधी आमची मुलगी बोहल्यावर. त्यात शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. विमलाने वकिली केली की त्या तारखेला तिथले अकरा म्हणजे आपले साडेचार, आणि इथल्या साडेचारला राहुकाळ नसतो. मी म्हटलं, राहुकाळ जिथे लग्न तिथला धरायचा. ती म्हणाली, राहू आयर्लंडला कशाला जाईल. यावर पंचांगात उत्तर नाही, मी पाहिलं. मी मनस्विनीला म्हटलं, दोन दिवस थांब. ती म्हणाली, कचेरीची पुढची तारीख थेट फेब्रुवारीत मिळते. मग मी विचारलं की निदान वेळ कोण बघणार. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "बाबा, तिथे भिंतीवर घड्याळ आहे. तुम्ही फक्त या."

यात माझा अपमान झाला असं मी म्हणत नाही. विमलाचं तिकीट निघालं, माझं काढू नका असं मीच सांगितलं. घराला कोणीतरी हवं. (कशाला हवं ते मला अजून सापडलेलं नाही. तीन आठवड्यांत दूधवाला सोडून कोणी आलेलं नाही.) शेवटी विमलाने तह घडवला तो असा की मी निदान संगणकावरून लग्न बघावं. मनस्विनीने दुवा पाठवला. तो दाबला की आत जायचं.

आमचा संगणक २०१४ सालचा. त्याच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो आणि यंत्र बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं, हे मला लग्नाच्या आठवड्यात कळलं, कारण तो मेला होता. मंगळवारी तालीम म्हणून यंत्र लावलं तर तारीख १ जानेवारी २०१४. दुवा दाबला तर पांढऱ्या पानावर वाक्य आलं: आपले घड्याळ मागे आहे. आत सोडायला तयार नाही. मी हाताने तारीख बसवली, पाच मिनिटांत वीज गेली, आली तेव्हा पुन्हा २०१४. त्या साली मनस्विनी कॉलेजात होती आणि बसची वेळ मला विचारून घराबाहेर पडायची. मी दिवसभर ते वर्ष तसंच राहू दिलं. दुरुस्तीचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

बुधवारी मेट्रोने चिकपेटेला गेलो. स्टेशनाबाहेर साडीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत संगणकाच्या सामानाच्या दुकानात पोचलो. दुकानदाराने सेल देण्याआधी यंत्र कोणत्या सालचं ते विचारलं आणि माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखं बघितलं. "हळेदु सर, तुंबा हळेदु," म्हणाला. जुनं आहे, फार जुनं आहे. यंत्राबद्दलच बोलत असावा. घरी येऊन सेल बसवला तो उलटा, मग सुलटा. तोवर संध्याकाळ झाली.

गुरुवारी तारीख घालायला बसलो. यंत्र सुरू होताना एक निळं पान येतं, तिथे ती घालायची. मी आपला ३० लिहिला, पुढे १०. यंत्र तीस घेईना. तासाभराने उमगलं की त्याला आधी महिना लागतो, आणि तिसावा महिना त्याच्याकडे नाही. तेही जमवलं. आता खरं तर गप्प बसायचं. पण घड्याळाच्या पानावर एक खटका दिसला, वेळ आपोआप घ्यावी असं म्हणणारा, आणि तो चालू होता. म्हणजे कुठल्या परमुलखातलं यंत्र तारेवरून माझ्या घरात वेळ सांगणार. चाळीस वर्षं गावाला वेळ सांगितलेल्या माणसाने ते सहन करावं अशी अपेक्षा असेल तर असो, मी खटका बंद केला. हातातलं घड्याळ रेडिओला मिळवलं आणि सेकंदाला सेकंद जुळवून स्वतः वेळ बसवली. अक्का, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. गेल्या दोन महिन्यांत तेवढंच.

शुक्रवारी सकाळी अवदसा आठवली. तिकडे आत्ता किती वाजलेत हे डोळ्यांसमोर असावं म्हणून गावांच्या यादीतून डब्लिन निवडलं. लगेच घड्याळ साडेपाच तास मागे गेलं. विमलाने जाताना साडेचार तासांचा फरक सांगितला होता आणि तो वहीत माझ्या अक्षरात आहे. (नंतर कळलं की तिथलं सरकार ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी अख्ख्या देशाची घड्याळं एक तास मागे घेतं. ज्या देशात वेळच अशी सरकारी हुकमाने हलते तिथे मुहूर्त विचारणारा मीच वेडा.) मला वाटलं यंत्र चुकलं. म्हणून मी डब्लिन तसंच ठेवून काटे हाताने पुढे सारले आणि आपली वेळ आणली. मग पांढऱ्या पानावर नवीन वाक्य आलं: आपले घड्याळ पुढे आहे. तीन दिवस मागे होतं, आता पुढे. बरोबर असं ते मला एकदाही म्हणालं नाही. संगणकातलं पंचांग उघडलं तर बसवनगुडीचा सूर्योदय पाऊण वाजता, आणि राहुकाळ पहाटे. मी एक तास मागे घेतला, दोन पुढे केले, मग किती केले याचा हिशेब सुटला. तीन वाजले तेव्हा भिंतीवर एक वेळ, हातात एक, पडद्यावर तिसरीच, आणि अंगात लग्नाचा कोट, खांद्यावर जरीचं उपरणं, वाटीत अक्षता.

आमच्या माडीवर आसावरी म्हणून पुण्याची बाई भाड्याने राहते. मारतहळ्ळीला नोकरी, शुक्रवारी घरून काम. तिला बोलवायचं मला आधी सुचलं नाही, सुचलं तेव्हा धीर झाला नाही, आणि झाला तेव्हा ती कसल्याशा मीटिंगमध्ये होती. ती खाली आली तोवर पाच वाजून गेले होते. "काका, तुम्ही ऑटोमॅटिक ऑफ का केलंत? ते ऑन असलं की काहीच बघावं लागत नाही," असं म्हणून तिने दोन ठिकाणी बोट लावलं आणि दीड मिनिटात सगळं बरोबर झालं. माझे चार दिवस. पण तोवर डब्लिनला लग्न होऊन मंडळी जेवायलाही गेली होती.

तर झालं ते असं झालं. कोणाचा काही राग नाही, कोणाला आशीर्वाद द्यायचे नाहीत असंही नाही, एक सेल मेला आणि एक बाप चुकला. पत्र जरा मोठं झालं आहे, पण रविवारी सगळी मंडळी तुझ्याकडे जमतात तेव्हा मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे मला प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही. तांत्रिक भाग गाळू नकोस. लोकांचा विश्वास बसतो तो त्याच्यावर.

घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं. तू गुडघ्याला जप, जिना चढू नकोस.

तुझा धाकटा,
जयतीर्थ

ता. क. संहिताने लग्नाचे फोटो माझ्या फोनवर पाठवू नयेत असं तिला सांग. आले तर बघावे लागतील.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आसावरी पाच वाजता आली नव्हती. चारला वीस कमी असताना आली. चारच्या आत घड्याळ बरोबर झालं होतं, दुवाही तिनेच उघडून दिला, आणि शुभेच्छा देऊन ती वर गेली. आत जायचं बटण समोर होतं. त्याच्या वर माझाच चेहरा दिसत होता, कोट घातलेला. मी त्याच्याकडे बघत बसलो. मनात होतं की कोणीतरी म्हणावं, किती मिनिटं राहिली. पण तिथे कोणाला ते विचारायचं नव्हतं. आपल्या लग्नांत रुसायचा मान मुलाकडच्यांचा, आणि रुसवा काढायला चार माणसं धावतात. मुलीचा बाप रिकाम्या घरात रुसला तर कोण धावणार? बरोबर साडेचारला मी सावधान म्हटलं आणि पडद्यावर अक्षता टाकल्या. बटण दाबलं नाही. ते तांदूळ अजून संगणकाच्या कळांत अडकलेले आहेत, काढायला जात नाही.

तिसरा ता. क. वरचं काही वाचून दाखवू नकोस. आत्ता विमलाचा फोन होऊन गेला. ती मला रागावलीसुद्धा नाही, म्हणून मी घाबरलो. म्हणाली, लग्न साडेचारला लागलंच नाही, चार एकोणचाळीसला लागलं. बाबांचा चौकोन आला नाही म्हणून मनस्विनीने त्या अधिकाऱ्याला नऊ मिनिटं थांबवून धरलं होतं. त्याच्या मागे दुसरी लग्नं ताटकळली होती तरी. अक्का, ती नऊ मिनिटं मी इथेच बसलो होतो, बटण समोर होतं आणि घड्याळ बरोबर होतं. पोरीने परवापासून तीन वेळा फोन केला, मी उचलला नाही. आज उचलीन. पण काय बोलावं ते सुचत नाही, आणि विमलाला पुढचं विचारायला मला तोंड राहिलेलं नाही. तू सगळं बघत होतीस म्हणून तुला विचारतो, एवढं मात्र फोन करून सांग, मध्ये बोललीस तरी चालेल. ती नऊ मिनिटं ती उभी होती, की बसायला कोणी खुर्ची दिली होती?