एकाच नावाची दोन खाती

सोमवार, ४ मार्च

१. हॉस्पिटलच्या रिपोर्टांचा सर्व्हर आजपासून नव्या यंत्रावर.
२. वॉर्डात सकाळी एकदा लॉग-इन केलं की रिपोर्ट आपोआप उघडायला हवेत. उघडत नाहीत. दर वेळी पासवर्ड मागतो.
३. मोठ्या सिस्टरांचा फोन : "अगं बाई, पेशंटचा हात धरू की पासवर्ड टाकत बसू?"
४. पलीकडच्या इमारतीत नेटवर्क सांभाळणाऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. शनिवारी होकार कळवायचाय. मला हे कँटीनमध्ये कळलं. त्याच्याकडून नाही.

चौथ्याचा पहिल्या तिन्हींशी संबंध नाही.

मंगळवार, ५ मार्च

दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळतात. पासवर्ड बरोबर. तरी डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉग-इन तपासणारं यंत्र, ओळख पटल्याचं तिकीट देत नाही — आणि तिकिटाशिवाय माझा सर्व्हर कुणाला ओळखत नाही.

पलीकडच्या इमारतीत त्याला फोन केला. "बोला मॅडम!" फक्त कामाचं बोललो. नोकरीचं मी विचारलं नाही, त्यानंही काढलं नाही.

बुधवार, ६ मार्च

सापडलं! सर्व्हरचं नाव दोन खात्यांवर नोंदलंय. तिकीट कोणत्या खात्यासाठी बनवायचं हेच ठरेना, म्हणून नकार.

एक नोंद माझी. रविवारी घरून केली — त्याची सुट्टी मोडायला नको म्हणून. दुसरी त्याची. तीही रविवारचीच! "तुम्हाला सोमवारी लवकर यावं लागू नये म्हणून म्हटलं, उरकून टाकावं." दोन इमारतींत दोन कंट्रोलर; मी इकडच्यावर केली, त्यानं तिकडच्यावर. दोघांनी आधी तपासलं होतं. दोघांनाही जागा रिकामी दिसली. कंट्रोलर एकमेकांशी बोलेपर्यंत आमचं करून झालं होतं.

"आता कुणाची काढायची?"

"सर्व्हर माझ्या खात्यावर चालतो. तुमची काढा."

"म्हणजे जायचं मलाच!" हसला.

मी म्हटलं, "हो."

उत्तर बरोबर होतं. फोन ठेवल्यावर वाटलं, जीभ हासडून टाकावी!

गुरुवार, ७ मार्च

सगळं चालतंय. मोठ्या सिस्टरांनी मुद्दाम वॉर्डात नेऊन दाखवलं — एका हातात एका आजोबांचा हात, दुसऱ्या हातानं रिपोर्ट उघडला.

"मग तोंड का उतरलंय गं?"

"झोप नाही झाली."

"झोप म्हणे!"

तोही बघायला आला होता. "छान झालं," म्हणाला. मी म्हटलं, "हो." एवढं बोलायला तो दोन जिने चढून आला होता.

शुक्रवार, ८ मार्च

त्याला पाठवलं. जसंच्या तसं :

"उद्या होकार कळव. नोकरी चांगली आहे. घर मात्र एकट्यापुरतं बघू नकोस — मी येईन म्हणते. चालणार नसेल तर तसंही सांग. रविवारपर्यंत उत्तर दे."