घाटात थांबलेली गाडी

आये, मी आठवड्यातले तीन-चार दिवस प्रवासात असते, तेही एकटी, असं तुला कुणी सांगितलं असतं तर तू चुलीपुढून उठून दारात येऊन बसली असतीस. वराळ्याजवळच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची तपासणी करते. आज नाशिक, परवा पनवेल. तू गेलीस तेव्हा आपल्या आंदर मावळातल्या वाडीत कुणाकडं फोन नव्हता. आता माझा निम्मा जीव फोनातच असतो. रेल्वे कुठवर आली ते एक अॅप सांगतं. दुसऱ्यावर गाडी बोलावली की डायव्हरचा फोटो आणि गाडीचा नंबर आधी येतो. एक नकाशा रेंज नसली तरी चालतो, तो मी घरूनच उतरवून घेते. आणि एकावर तुझ्या नातीला मी कुठं आहे ते दिसतं, रस्त्यावरून सरकणारा निळा ठिपका. ऑफिसातल्या नव्या मुली विचारतात, मॅडम, प्रवासाला कुठली अॅप्स चांगली? मी सांगते. ती सगळी मी भीतीपोटी घेतलीत, हे सांगत नाही.

भीती मला तुझ्याकडून आली. शाळेला जाताना डांबरी रस्त्यापर्यंत तू माझ्यामागं चालत यायचीस, गवत कापायच्या निमित्तानं हातात विळा घेऊन. एकदा एसटी आलीच नाही. एक जीप थांबली आणि मी पटकन पुढं चढले. तू दंडाला धरून मला खाली ओढलंस, सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातलास. "डायवरच्या शेजारी बसायचं न्हाई. साळा बुडाली तर बुडू दे. मानूस कोन, कुटला, ठावं हाय का तुला?" जीप निघून गेली. घरी आल्यावर तू तव्यावरची पहिली भाकरी मला दिलीस. तुला कुणाची आणि कसली भीती होती, ते मी कधी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पनवेलचं काम आटोपून दुपारी घरी यायला मी गाडी बोलावली. डायव्हर पन्नाशीचा, फोटोतलाच माणूस, नंबरही जुळत होता. तो काही बोलेना. खोपोलीजवळ त्यानं न विचारता एक्स्प्रेसवे सोडला आणि जुन्या रस्त्याला गाडी घातली. फोन म्हणाला, मार्ग बदलला आहे. मी विचारलं, "इकडून का?" तो म्हणाला, "बसा." एवढंच. घाट लागला, धुकं दाटलं, रेंज गेली. ठिपका आता घरी दिसत नसणार. वळणावरच्या मोकळ्या जागेत त्यानं गाडी थांबवली, उतरला आणि काही न सांगता पुढं धुक्यात गेला.

मी दारं आतून लावून घेतली. आये, मी मागच्या सीटवर अंग चोरून बसलेय. वाटतंय, हा कुणाची तरी वाट बघतोय. क्षणभर रेंज येते आणि फोनवर अक्षरं उमटतात, तुमची गाडी बराच वेळ थांबली आहे, सगळं ठीक आहे ना? मी मदतीचं बटण दाबते. गोल चक्र फिरत राहतं. रेंज पुन्हा गेली. काचेवरची वाफ पुसून बघते, तर तो कठड्याला टेकून खाली बसलाय, छातीशी हात धरून, मान कलती.

दार उघडायला मला वेळ लागला. जवळ गेले तर पावसात भिजूनही कपाळावर वेगळा घाम दिसत होता. ओठ पांढरे. "ताई," तो म्हणाला, "मोठ्या रस्त्याला थांबता येत न्हाई, म्हनून हिकडं घेतली. तकरार करू नका. कंपनीवाले माजी गाडी बंद करतील." तुझी बोली, आये. मी विचारलं, "कुठले तुम्ही?" त्यानं आपल्या वाडीशेजारच्या गावाचं नाव घेतलं.

एकदोन गाड्यांना हात केला, कुणी थांबलं नाही. मग त्याला कसंबसं पुढच्या सीटवर बसवलं आणि स्टिअरिंगपुढं मी बसले. मी गाडी चालवायला शिकले ती वराळ्याच्या मोकळ्या प्लॉटांवर. घाटात कधी हात लावला नव्हता. उतरवलेल्या नकाशात लोणावळ्यातला दवाखाना टाकला. ती फोनमधली बाई शांत आवाजात सांगत होती, पुढे डावीकडे वळण आहे. मला बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. मागून ट्रक हॉर्न देत अंगावर येत होते. शेजारी त्याचा श्वास घरघरत होता आणि मध्येच ऐकू येईना, तेव्हा मी एक हात सोडून त्याचा खांदा हलवत होते. "भाऊ, बोलत राहा. पोरं किती?" "दोन पोरी," तो म्हणाला, आणि त्याची मान पुन्हा कलली.

दवाखान्यात त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आहे, वेळेत आणलंत. तो वाचला. त्याची बायको आली, तिनं माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, "सकाळपासनं दम लागतोय म्हनत व्हते. ऱ्हावा घरी म्हनलं, तर न्हाई ऐकलं." तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिचा आवाज फाटला होता. "आई, तुझा ठिपका दवाखान्यात का दिसतोय? मी कधीची फोन लावतेय." मी ठीक आहे म्हटलं तरी ती कितीतरी वेळ रडत होती. तिच्याही पोटात ही भीती शिरलीय, हे मला त्या दिवशी कळलं.

हे मी फोनमध्येच लिहितेय. खाली पाठवायचं बटण आहे, पण नंबर कुणाचा टाकू?

उद्या सकाळी पुन्हा निघायचंय. गाडी सांगून ठेवली आहे. लेकीला म्हटलं, आता सवय झाली, मला नाही भीती वाटत. तुला खरं सांगते. गाडीचं दार लागलं की अजून माझा हात आधी कडीवर जातो. आणि त्या दुपारी घाटात, प्रत्येक वळणावर, परक्या माणसाशेजारी बसून मी मोठ्यानं आये, आये म्हणत होते. त्या डायव्हरभाऊंनी ऐकलं असणार. नंतर मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.