बर्फ पडायच्या आत

२ जुलै
पोचलो एकदाचे! तळ्याकाठचं घर झकास आहे. रोझलीने आल्या आल्या धक्क्यावरून पाण्यात उडी ठोकली. सहा वर्षांची माझी पोर, पण आपल्या अनिशिनाबे भाषेचा एक शब्द येत नाही. विनिपेग शहरातल्या इंग्रजी शाळेची कृपा. इथल्या शाळेने मला भाषेचा मास्तर नेमलंय, तर सुरुवात घरापासून. शेजारच्या मॅडलीन आजीने मासा आणि बॅनक रोटी पाठवली. रोटी कसली, वीटच.

६ जुलै
रोझलीला आपल्या भाषेतली जुनी गोष्ट सांगत होतो, तेवढ्यात मॅडलीन आजी टपकली. म्हणे, या गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या. उन्हाळ्यात सांगितल्या की बेडूक अंथरुणात शिरतात. मी म्हटलं, बर्फाची वाट बघता बघताच भाषा मसणात चाललीय. या म्हातारीने मला शिकवायचं? मी विद्यापीठात शिकलोय!

११ जुलै
रोज एक गोष्ट. पोरगी आता आपली भाषा धडाधड बोलते! आज तिच्या बुटात बेडूक निघाला. तळ्याकाठी बेडूक नाही निघणार तर काय उंट निघेल?

१५ जुलै
आज उशीच्या खोळीत, चांगले मूठभर. आजी म्हणाली, ते ऐकायला येतात. सांगणं थांबव आणि पाण्याकाठी तंबाखू ठेवून माफी माग. पुडीही दिली. मी पायरीवर बसून ओढून टाकली. तंबाखू मात्र उत्तम होती.

१८ जुलै
आज मी गप्प बसलो. रोझलीनेच गोष्ट सुरू केली. मी कधीच न सांगितलेली. त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, मला! इंग्रजीत हाक मारली तर बघेचना.

१९ जुलै
गोष्ट थांबत नाही. जेवत नाही पोरगी. खोलीभर बेडूक, आणि एकही ओरडत नाही. आजीकडे धावलो. ती म्हणाली, आता तिला थांबवू नकोस. गोष्ट संपली की बेडूक सांगणाऱ्याचा आवाज घेऊन जातात. बर्फ पडेपर्यंत चालू ठेव. अगं आजी, जुलै आहे!

२० जुलै
तिचा घसा बसलाय. आता मी सांगतोय – थोपटून झोपवायला बघतोय तिला – माझ्या गोष्टी संपत आल्या. मूर्ख मी. तंबाखू ठेवली पाण्याकाठी, पाया पडलो –

दुपार
संपल्या. मी थांबलो, आणि तिने उठून गोष्टीचा शेवट केला. एका वाक्यात.
बेडूक हलले.
रोझली, बाळा, बोल काहीतरी. इंग्रजीत बोल, कशातही बोल –
बोलली. बाबा म्हणाली.
पण ओठ हलले नाहीत तिचे. आवाज पलंगाखालून –