समोरच्या दोन खोल्या

मी, शालीकराम वल्द डोमा कटरे, वय सुमारे अडुसष्ट, मूळ राहणार आमगाव, हल्ली गोंदिया, धंदा पूर्वी शेती व आता घरमालकीची हौस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेले नाही. रागात लिहितो हे खरे, पण राग आला म्हणून माणूस वेडा ठरत नाही.

१. गोंदियाचे घर मी आमगावची निम्मी धानाची जमीन विकून बांधले. समोर दोन खोल्या व ओसरी, मागे दोन खोल्या. मागे तांदळाची मिल आहे, तिचा भुसा दिवसभर मागच्या खोल्यांत येतो. माझी पत्नी रुख्मा हिला दमा होता, म्हणून समोरच्या खोल्या तिच्यासाठी काढल्या. शेत आवरून आम्ही येईपर्यंत, एका सालासाठी, त्या खोल्या कापड दुकानातले मुनीम चुन्नीलाल यांना भाड्याने दिल्या. कागद केला नाही. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाचा गडी, अकतीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठेवतात आणि पुढल्या अकतीला पानसुपारी देऊन मोकळा करतात. पान खाल्ले की बोलणे संपले. मला वाटले, घराचेही तसेच. अकतीला मी पान घेऊन गेलो. चुन्नीलाल यांनी ते खाल्ले, वर चुना मागितला आणि म्हणाले, "बाबूजी, पान अपनी जगह, मकान अपनी जगह."

२. आम्ही मागच्या खोल्यांत राहिलो. खोल्या सोडवून मिळाव्यात म्हणून भाडे नियंत्रणाच्या कचेरीत अर्ज केला. साहेब म्हणाले, एका सालाचा करार कुठे आहे? मी पानाची गोष्ट सांगितली तेव्हा कारकून तोंड फिरवून हसले. भाडे तर हा माणूस दर महिन्याला वेळेवर देतो, त्यामुळे तीही तक्रार करता येईना. मालकाला राहायला मागे जागा आहे, असे लिहून अर्ज फेटाळला. रुख्मा मला विचारायची, "आपल्याच घरी आपुन मागच्या दारानं काऊन येऊन-जाऊन राहिलो?"

मुलगा केवळराम शिकलेला आहे. तो संध्याकाळी समोरच्या ओसरीवर चुन्नीलाल यांच्याशी पत्ते खेळायचा. मला म्हणायचा, "बाबा, कायदा त्याच्याच बाजूनं हाये. कायले भांडून राहिले?"

गेल्या माघात रुख्मा खोकून खोकून गेली. त्या दिवशी समोर चुन्नीलाल यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. केवळराम म्हणाला, "मागूनच नेऊ, त्यायले अपशकुन कायले?" माझ्या बायकोला मिलच्या गल्लीतून नेले. हे मी त्याला माफ केलेले नाही.

३. घर केवळरामला, चुन्नीलाल यांच्यासकट. त्याला उरलेली शेती विकून आणखी चाळ बांधायची आहे. बांधावी, पण ऐकून घ्यावे. स्वतःला राहायची जागा भाड्याने देऊ नये. कागद आधी, किल्ली नंतर. कौले कोण फेरणार, विहिरीचा दोर कोण आणणार, तेही लिहून घ्यावे. भाडेकरू फार गोड बोलला तर दुसऱ्याला बघावे. ही अक्कल त्याला फुकट मिळते आहे, म्हणजे तो ती पाळणार नाही.

४. तथापि विकायला शेती त्याच्या हाती लागणार नाही. ती मुलगी सुशिलाबाई हिला दिली आहे. जावयाला नव्हे, तिला. आईची पाठ चोळायला दरेकशाहून तीच येत होती.

५. नांगर, वखर, बैलबंडी व बैलजोडी मंगरूला. तो आमचा सालदार. शेवटच्या अकतीला मी पान दिले, त्याने ते खाल्ले आणि घोंगडी उचलून गेला. ठेवायचा तो सोडला, सोडायचा तो ठेवला.

६. माझी तिरडी समोरच्या ओसरीवर बांधावी व समोरच्या दाराने न्यावी. हे कलम पाळले जावे म्हणून साक्षीदार मुद्दाम चुन्नीलाल यांनाच केले आणि सर्व वाचून दाखविले. ते म्हणाले, "बुरा लिखा है बाबूजी, मगर झूठ नहीं लिखा. उस दिन दोनों कमरे खाली कर दूँगा."

म्हणजे खोल्या रिकाम्या करता येतात. रुख्मा जिवंत होती तेव्हा हे मला कोणी सांगितले नाही.

सही: शालीकराम डोमा कटरे

आमच्या समक्ष सही केली:
१. चुन्नीलाल, मुनीम, राहणार सदर घराच्या समोरच्या दोन खोल्या
२. केशोराव बिसेन, माजी शिक्षक, राहणार गोंदिया

मुक्काम गोंदिया, जिल्हा भंडारा
ता. ९ जून १९५८